घरचे दप्तर

जुन्या मराठी कारभारात ‘रुमाल’ हा शब्द आजच्यापेक्षा निराळ्या अर्थाने वापरीत असत. कागद बांधून ठेवावयाचे चौकोनी कापड म्हणजे रुमाल, आणि त्या कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा तोही रुमालच. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद लिहिणे जितके महत्त्वाचे तितकेच तो राखणेही महत्त्वाचे, ही जाणीव आपल्या पूर्वजांस होती. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेस वाहिला असून, कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहावे म्हणून सभोवार जागा सोडावी, येथवरचा बारकावा त्यात सांगितला आहे.

आपल्या सभासद कुटुंबांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेली वडील मंडळी आज पुष्कळ आहेत. मुले बहुधा पुण्यास किंवा बेंगळुरास, कित्येक परदेशी. घरात एक पत्र्याची ट्रंक, एक लोखंडी कपाट, आणि कपाटाच्या वरच्या खणात दोऱ्याने बांधलेल्या पिशव्या. त्या पिशव्यांत काय आहे हे एकाच माणसास ठाऊक असते, आणि त्या माणसाची स्मृती आता पूर्वीसारखी राहिलेली नसते. ह्या दप्तराची व्यवस्था कशी लावावी, आणि विशेषतः ती कोणाच्या हातून लागावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बेळगावकडील घरांत ही गोष्ट अन्य ठिकाणांहून अधिक गुंतागुंतीची असते. शहापुरातील एखाद्या जुन्या घराचेच उदाहरण घ्या. १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत शहापूर हे सांगली संस्थानात होते. तेव्हाचे खरेदीपत्र संस्थानच्या स्टॅम्पाचे आणि आतील मजकूर पुष्कळदा मोडीत. त्यानंतरचे कागद मुंबई राज्याचे. १ नोव्हेंबर १९५६ पासून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ साली शहराचे सरकारी नावही बदलले. म्हणजे घर तेच, भिंती त्याच, परंतु कागद तीन लिप्यांत, चार राजवटींचे आणि गावाच्या दोन नावांचे! नातवास मोडी येत नाही, सुनेस कन्नड येत नाही. आजोबांनी टाचणीला टाचणी लावून जुळविलेला हा धागा त्यांच्या मागे कोणास सापडावयाचा?

शिवाय जुन्या कागदांवर पुष्कळदा शकाचे वर्ष असते. त्यात सामान्यतः ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. शके १८७२ म्हणजे सन १९५०-५१. हा हिशेब आजीला तोंडपाठ असतो. नातवाला ‘१८७२’ वाचून तो कागद दीडशे वर्षांपूर्वीचा वाटतो.

हे सर्व कळूनही आपण बोलत नाही. मुलाला वाटते, कागदांची चौकशी करणे म्हणजे वडिलांच्या मरणाची वाट पाहण्यासारखे दिसेल. वडिलांना वाटते, विचारले नाही तर आपण होऊन का सांगावे? अशा संकोचात वर्षे जातात. ह्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक येथे सांगितली तर ती वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

२०१६ साली माझे चुलते वारले. खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते. घरखर्चाचा पैसा त्याच दिवशी अडकला. ठेवीच्या पावत्या सापडल्या, पण त्यांवर नामनिर्देशन होते ते त्यांच्या मातोश्रींचे, आणि त्या जाऊन तीस वर्षे झाली होती. नोकरीला लागताना भरलेले नाव पुढे कोणी बदललेच नव्हते. काकूंनी दोन वर्षे हेलपाटे घातले. वारसाचे दाखले, हमीपत्रे, प्रत्येक वेळी एक नवा कागद. पैसा शेवटी मिळाला; पण त्या दोन वर्षांत काकूंना जे ओशाळेपण सोसावे लागले त्याची भरपाई कशाने व्हावयाची?

ते पाहून मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसास पोच राहत नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत, जेवणाच्या पानावर, सर्वांदेखत मी वडिलांना म्हणालो, “अण्णा, ट्रंकेच्या किल्ल्या एकदा माझ्याकडे द्या. सगळे कागद बघून ठेवतो.” अण्णा हाडाचे शिक्षक. त्यांनी पानातला भात संपविला, हात धुतले आणि एवढेच म्हणाले, “मी आहे तोवर ट्रंक माझी आहे.” त्यानंतर आठ महिने त्या विषयावर आमच्यात शब्द निघाला नाही.

मार्ग सुचविला तो आईने. ती म्हणाली, “तुझे स्वतःचे कागद कुठे आहेत, ते तरी तुझ्या बायकोला ठाऊक आहे का?” ठाऊक नव्हते. मग मी एक वही घातली, माझी खाती, विम्याची पॉलिसी, घराच्या कर्जाचा कागद, सर्व लिहून काढले, आणि ती वही अण्णांपुढे ठेवून म्हटले, “अण्णा, एवढी तपासून द्या.” त्यांनी लाल पेन घेतले. पोस्टातील माझ्या खात्यास नामनिर्देशन नव्हते. पॉलिसीवर पत्नीचे माहेरचे नाव तसेच राहिले होते. दोन्ही ठिकाणी गोल काढून ते म्हणाले, “आणि तू दुसऱ्याची ट्रंक उघडायला निघाला होतास!” पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन ट्रंक माजघरात ओढून आणली.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, ह्या कामात मुलाने कारकून व्हावे, मालक होऊ नये. वडिलांनी सांगावे, आपण लिहावे. एखादा कागद त्यांना दाखवावयाचा नसेल तर तो पाकिटात घालून, वर विषय लिहून बंद करावा आणि पाकीट त्यांच्याच हाती द्यावे. बैठक एका तासाहून लांबवू नये. प्रत्येक कागदाबरोबर एक हकिकत निघते, ती ऐकावी. निम्मी माहिती कागदात नसून त्या हकिकतीतच असते. ‘ही भिंत सामाईक आहे, पण शेजाऱ्यांच्या वडिलांनी तोंडी कबूल केले होते,’ हे कोणत्या उताऱ्यावर सापडणार?

आम्ही जुन्या रीतीप्रमाणे तीन रुमाल केले. पहिल्यात न हलवावयाचे कागद: घराचे खरेदीपत्र, वाटणीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा, शेतीची पहाणी, जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले, मृत्युपत्र. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून मूळ कागदास जोडले. मूळ कागद जीर्ण असेल आणि दस्त नोंदलेला असेल तर सब-रजिस्ट्रार कचेरीतून त्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळते; ती काढून ठेवावी. कागदास चिकटपट्टी लावू नये आणि तो प्लास्टिकात गुदमरवूही नये. धुतलेले सुती कापड अजूनही उत्तम. दुसऱ्या रुमालात चालू व्यवहार: पासबुके, ठेवींच्या पावत्या, पेन्शनची मूळ ऑर्डर, विमा, आधार व पॅन यांच्या प्रती. तिसऱ्यात वर्षाला बदलणारे: घरफाळा, वीज, पाणी, औषधोपचार. घरफाळ्याच्या पावत्या मात्र जुन्याही टाकू नयेत. मालकीचा वाद निघाल्यास वहिवाट दाखविण्यास त्या आधार देतात.

ह्या तिन्हींची सूची एका शंभर पानी वहीत लिहिली. संस्थेचे नाव, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, खाते कोणाच्या नावावर, नामनिर्देशन कोणाचे, मुदत केव्हा संपते. गुप्त आकडे वहीत लिहिले नाहीत. कोणाचे देणे आहे आणि कोणाकडून येणे आहे, ह्यासाठी एक स्वतंत्र पान राखले. हे पान भरताना अण्णा सर्वांत अधिक वेळ थांबले होते. वडील मंडळींच्या मनास टोचणी असते ती बहुधा ठेवींची नसून अशा एखाद्या हातउसन्या रकमेची असते.

आता नामनिर्देशनाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण ह्यासंबंधी गैरसमज फार. ज्याचे नाव लावले तो मालक झाला, असे पुष्कळांस वाटते. बँकेच्या बाबतीत तसे नाही. नामनिर्देशित व्यक्तीस पैसे दिले की बँक मोकळी होते. परंतु ते पैसे ती व्यक्ती वारसांच्या वतीने स्वीकारीत असते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हेच सांगितले होते. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने, विमेदाराने स्वतःच्या पॉलिसीवर आईवडील, पती-पत्नी वा मुले यांचे नाव दिले असल्यास त्यांना लाभाचे हक्कदार मानले. शेअरांच्या बाबतीत २०२३ मध्ये न्यायालयाने पुन्हा निर्वाळा दिला की नामनिर्देशन हे मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही. म्हणून दोन्ही पाहिजेत: पैसा लवकर हाती यावा म्हणून नामनिर्देशन, आणि तो योग्य हाती जावा म्हणून मृत्युपत्र.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींस चारपर्यंत नावे देता येतात. एकत्र, प्रत्येकाचा हिस्सा ठरवून, अथवा एकामागून एक. लॉकरसाठी मात्र एकामागून एक हीच रीत आहे. माझ्या चुलत्यांच्या वेळी ही सोय असती आणि त्यांनी ती वापरली असती, तर मातोश्रींमागे काकूंचे नाव आपोआप उभे राहिले असते. ज्यांची नावे वीस-तीस वर्षांपूर्वी भरलेली आहेत त्यांनी ती एकवार पाहावीत, एवढी माझी विनंती आहे. पती-पत्नींचे खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो’ अशा रीतीने असले तर घरखर्च थांबत नाही.

मृत्युपत्रास स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. तथापि नोंदणी केलेली बरी. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य आहेत. साक्षीदार वयाने लहान आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळावयाचे नाही असा निवडावा. मृत्युपत्र नसल्यास काय होते? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई, ह्यांना सारखा वाटा मिळतो. ‘मुलीला लग्नात दिले’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. कायद्यात ते कोठेही नाही. ज्यांचे संबंध गोव्यात आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांचे आहेत, त्यांनी ध्यानात ठेवावे की तेथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली असून, २०१२ च्या कायद्यानेही मुले इत्यादी वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखून ठेवली आहे. ती मृत्युपत्राने दुसऱ्यास देता येत नाही.

मुखत्यारपत्र केले म्हणजे सर्व भागले, ही समजूतही चुकीची. साधे मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, आणि त्याची बुद्धी कायमची ढळली तरीही संपते. म्हणजे ज्या दिवशी त्याची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. तसेच वडील गेल्यानंतर त्यांचे कार्ड वापरून यंत्रातून पैसे काढणे, मग ते अंत्यविधीच्या खर्चासाठी का असेनात, उचित नव्हे. इतर वारसांच्या मनात संशयाचे पहिले बीज तेथेच पडते. मृत्यूनंतर जमा झालेले पेन्शनही परत करावे लागते.

वडील मंडळींसही एक सांगावयाचे आहे. मुले चांगली आहेत म्हणून घर आत्ताच बक्षीसपत्राने देऊन टाकण्याची घाई करू नये. देणेच असेल तर ‘देणाऱ्याचा सांभाळ करावा’ ही अट दस्तात स्पष्ट लिहावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या कायद्यात, अशी अट मोडल्यास दस्त रद्द करून मागण्याची तरतूद आहे. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, बक्षीसपत्र तसे बदलता येत नाही. एवढा फरक ओळखला म्हणजे पुरे.

ठेवींविषयी दोन गोष्टी. बँकेतील ठेवीस, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. पतसंस्था किंवा सोसायटी ही बँक नव्हे, तिच्यातील ठेवीस हे संरक्षण नाही. आपल्या भागात शेजाऱ्याच्या शब्दावर सोसायटीत आयुष्याची पुंजी ठेवणारे अनेक आहेत. शब्द खरा असेलही. पण सर्व पैसा एका ठिकाणी नसावा. दुसरे असे की, दहा वर्षे ज्या खात्यास कोणी हात लावला नाही त्यातील रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. ती बुडत नाही, मागता येते. आणि अशा रकमा कोणत्या बँकेत आहेत हे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उघडले आहे. नातवंडांनी सुटीत आजोबांजवळ बसून एवढे एक काम करावे.

फोनवरील फसवणुकीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पोलीस फोनवर अटक करीत नाहीत आणि पैसे तर मागतच नाहीत. फसगत झाली तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. बँकेशी जोडलेला जुना मोबाइल नंबर बंद पडला असेल तर तो आधी बदलून घ्यावा, कारण बंद नंबर पुढे दुसऱ्याच कोणास दिला जातो.

वस्तूंचा प्रश्न कागदांहून नाजूक. तांब्यापितळेची भांडी, जाते, पाटा, पोथ्या, देवघरातील टाक. मुलांच्या सदनिकेत ह्यांस जागा नसते आणि आईचा जीव त्यांत असतो. ‘टाकून देऊ या’ हा शब्द उच्चारू नये. प्रत्येक वस्तूविषयी, ही कोणाकडे जावी असे तुम्हांस वाटते, एवढेच विचारावे आणि उत्तर वहीत उतरावे. आईने पितळी घंगाळ धाकट्या सुनेला लिहिले तेव्हा आम्हां सर्वांस आश्चर्य वाटले; कारण विचारता म्हणाली, “तिनेच एकदा विचारले होते, हे कुठून आणलेत म्हणून.” देता येण्यासारखे असेल ते आपल्या हयातीत, आपल्या हाताने द्यावे, पोथ्या वाचणाऱ्याकडे जाव्यात, काचेच्या कपाटाकडे नव्हेत.

सोन्याची यादी करताना वजन ग्रॅममध्ये लिहावे. जुन्या चिठ्ठीतील तोळा हा बारा माशांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातील तोळा दहा ग्रॅमचा. चिठ्ठीत ‘पाटल्या ५ तोळे’ असे असेल तर त्यांचे वजन सुमारे ५८ ग्रॅम भरेल, पन्नास नव्हे. ह्या एका शब्दावरून बहिणी-बहिणींत वर्षानुवर्षे अबोला राहिल्याचे मी पाहिले आहे. दागिना कोणी, कोणत्या प्रसंगी घातला हेही लिहावे; स्त्रीला माहेराहून वा सासरहून मिळालेले स्त्रीधन तिचेच असते, आणि त्याची व्यवस्था तिनेच सांगावयाची असते. ही यादी करताना आमच्या घरी अण्णा उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. ते योग्यच केले.

अशी वही एकदा लिहून संपत नाही. पेन्शनरांस दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांस तो १ ऑक्टोबरपासूनही देता येतो, आणि आता तो घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. ज्यांना चालवत नाही अशा सत्तरीवरील खातेदारांस बँकेने घरी सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच केलेली आहे. शाखेत जाऊन तशी विचारणा करावी. तो दाखल्याचा दिवसच आम्ही वही उघडण्याचा दिवस ठरविला. मुदती पाहावयाच्या, फिटलेले देणे खोडावयाचे, खाली तारीख घालून अण्णांची सही घ्यावयाची.

अशा चार सह्या त्या वहीत आहेत. २०२१ मध्ये अण्णा गेले. तेराव्यानंतर आम्ही तिघे भावंडे माजघरात बसलो, आईने वही मधोमध ठेवली. येणे-देण्याच्या पानावर एकच ओळ खोडावयाची राहिली होती: शाळेतील एका जुन्या शिपायाचे दोनशे रुपये. धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावात जाऊन त्यांच्या मुलास ते देऊन आला, आणि आईने स्वतःच्या हाताने ती ओळ खोडून खाली तारीख घातली. आता दर नोव्हेंबरात सही तिची असते.